गोलपोस्टमागचा प्रमोद

सोमवारी संध्याकाळी ऑकलंडमधल्या बऱ्याच मराठी घरांत स्वयंपाक थोडा लांबायचा. कुकरच्या शिट्ट्या मध्येच नकोत म्हणून शेगड्या बंद व्हायच्या, आणि त्याला कारण असायचा प्रमोद ओगले. कम्युनिटी रेडिओवर आम्हा मराठी मंडळींना आठवड्यातून अर्धा तास मिळत असे. त्यात बातम्या, दोन गाणी, वाढदिवस, कुणाकडे भाड्याने खोली आहे ते, आणि सगळ्यात शेवटी प्रमोदचं फुटबॉल. मी सुचित्रा, दिवसा एका क्लिनिकमध्ये नर्स आणि सोमवारी या कार्यक्रमाची सर्वेसर्वा. निवेदन माझं, आवाजाची बटणं माझी, आणि कुणी लांबण लावली की समोर बसून डोळे वटारणंही माझंच. प्रमोदवर मात्र त्या डोळ्यांचा काही उपयोग नव्हता, कारण बोलताना तो स्वतःचे मिटून घ्यायचा.

हे २००७ सालचं सांगते आहे. फुटबॉल म्हणजे कॉलेजचं फुटबॉल, आणि न्यूझीलंडमध्ये कॉलेज म्हणतात ते हायस्कूलला. हा रग्बीचा देश. फुटबॉलला तेव्हा निम्मे लोक सॉकरच म्हणत, आणि त्यातही मुलींच्या फुटबॉलकडे त्यांचे आईबाप सोडले तर कुणी ढुंकून पाहत नसे. पण हिल्सबरोजवळच्या एका कॉलेजच्या मुलींचा संघ शनिवारी कुणाशी खेळला, कोण घसरलं आणि कोण चमकलं, हे पापाटोएटोपासून नॉर्थ शोअरपर्यंतच्या मराठी माणसांना सोमवारी रात्रीच्या जेवणाआधी ठाऊक झालेलं असे.

प्रमोद मूळ पुण्याचा. इथे तो पावसाच्या पाण्याचा इंजिनियर होता. रस्त्यावर पडलेलं पाणी कुठून कुठे जाईल, हे ठरवणं हे त्याचं काम, आणि त्याने आयुष्यात कधी चेंडूला लाथ मारली नव्हती. बायको मृदुला फार्मसिस्ट. शनिवारी तिचं दुकान उघडं असायचं, म्हणून मुलीला, वल्लरीला, मॅचला न्यायचं काम प्रमोदकडे आलं. एका सोमवारी आमचे बातम्यावाले आजारी पडले. मी प्रमोदला माइकसमोर बसवलं आणि सांगितलं, काहीही बोल, शनिवारी काय केलंस ते बोल. तो बोलला, आणि त्यानंतर मला त्याला उठवता आलं नाही.

त्याचं बोलणं बातमीसारखं नव्हतंच. तो सुरुवात करायचा ती हवेपासून. ‘शनिवारी सकाळी मैदानावर इतकं धुकं होतं, की पलीकडचा गोल नव्हताच. मुली तिकडून धावत यायच्या त्या एकदम, कुणीतरी नुकत्याच तयार करून पाठवल्यासारख्या.’ किंवा, ‘मनुकाऊ हार्बरवरून विमान उतरलं तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं. फक्त लुपेने पाहिलं नाही, आणि म्हणून गोल झाला.’ लुपे ही टोंगन मुलगी, संघाची स्ट्रायकर. आरोहा म्हणजे कॅप्टन, माओरी, दोन वेण्या घालायची. दोघी आम्हाला घरच्यासारख्या झाल्या होत्या. मध्यंतरात मुलींनी चोखलेल्या संत्र्याच्या फोडी, चिखलात रुतलेला कुणाचा तरी बूट, पलीकडे सॉसेज भाजणाऱ्या काकांचा धूर, मैदानाच्या कोपऱ्यात साचलेलं पाणी आणि त्यात उतरलेले सीगल, सगळं यायचं. स्कोअर तेवढा राहायचा. शेवटी मीच विचारायची, अरे पण जिंकलं कोण? तेव्हा तो डोळे उघडायचा आणि जरा गोंधळून आकडे सांगायचा.

त्यानंतर फोन सुरू व्हायचे. इस्पितळातला नितीश नावाचा तरुण डॉक्टर, वॉर्डात रेडिओ लावता येत नाही म्हणून पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकणारा, लुपेने डाव्या पायाने मारायला हवं होतं असं ठणकावून सांगायचा. पापाटोएटोचे काशिनाथकाका पंचाच्या नावाने बोटं मोडायचे. टौरंगाला आमचा रेडिओ पोहोचत नसे, तर तिथल्या अनुराधाबाईंची ऑकलंडची बहीण फोनचा रिसीव्हर रेडिओला लावून धरायची आणि अर्धा तास तशीच उभी राहायची. यातल्या एकानेही त्या मुलींना पाहिलं नव्हतं. पण लुपेचा पाय मुरगळला त्या आठवड्यात चारचौघींनी मला तिच्यासाठी लेप सांगितले.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. त्या संघाची गोलरक्षक होती वल्लरी. आणि प्रमोदच्या तोंडी सगळ्यांची नावं यायची, फक्त तिचं यायचं नाही. ‘गोलरक्षकाने अडवला.’ ‘गोलरक्षक उभी होती.’ बस. आरोहाच्या वेण्यांची लांबी आख्ख्या ऑकलंडला माहीत, आणि प्रमोदची स्वतःची मुलगी या संघात आहे हे निम्म्या श्रोत्यांना माहीत नाही. मी एकदा विचारलं तर तो ओशाळला. म्हणाला, आपल्याच मुलीचं कौतुक आपणच रेडिओवरून करायचं, बरं दिसतं का ते?

यावर बोलायची सोय नव्हती, कारण आम्ही सगळे याच मुशीतले. कुणी आपल्या लेकीला हुशार म्हणालं की आपण लगेच म्हणणार, कसली हुशार, घरात इकडची काडी तिकडे करत नाही. मुलं शेजारी उभी राहून ऐकत असतात. आपल्या आईवडिलांनीही आपल्याला असंच वाढवलं, आणि आपल्याला त्यातलं प्रेम ऐकू यायचं, कारण आजूबाजूला सगळे तसंच बोलायचे. इथल्या मैदानावर काय चालायचं? शेजारची बाई चेंडूला पाय न लागलेल्या स्वतःच्या मुलीला ‘ब्रिलियंट, डार्लिंग’ म्हणून ओरडायची, आणि प्रमोद हाताची घडी घालून गप्प.

वल्लरी सतरा वर्षांची, उंच, अबोल. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. तिचे ग्लोव्ह्ज शनिवारी दुपारी ओगल्यांच्या दांडीवर वाळत असायचे आणि ती त्यांच्याखाली गवतावर पडून आकाश बघायची. स्वप्नाळूपणा बापाचा, उंची आईची. सोमवारी आमचा कार्यक्रम सुरू झाला की ती उठून आईच्या गाडीत जाऊन बसायची. मोबाइल चार्ज करते म्हणायची. घरातला चार्जर काय बिघडला होता? तिच्या आईला सारं कळत होतं, पण मृदुलाने ते नवऱ्याला सांगितलं नाही. पोरीचं गुपित तिच्यापाशी राहू दे, असं मला म्हणाली. पोरगी गाडीच्या रेडिओवर बापाला ऐकत होती, आणि सबंध मोसमभर आपल्या नावाची वाट बघत होती.

ऑगस्टमध्ये सेमीफायनल आली. कोव्हायची झाडं पिवळ्या फुलांनी भरली होती आणि पाऊस थांबत नव्हता. मीही छत्री घेऊन गेले होते. समोरच्या संघातल्या मुली आमच्या मुलींपेक्षा वीतभर उंच. सगळा खेळ आमच्याच गोलपाशी चालला होता. वल्लरीने काय काय अडवलं ते मी मोजलं नाही, पण माझ्या शेजारचे एक गोरे आजोबा प्रत्येक वेळी टोपी काढत होते. पेनल्टीसुद्धा तिने अडवली. आणि मग अगदी शेवटी, मॅच संपत आली असताना, एक साधा चेंडू आला. लांबून, हळू, घरंगळत. ती वाकली, तिने तो घेतला, आणि तो भिजलेल्या ग्लोव्ह्जमधून सुटून तिच्या पायांमधून आत गेला. त्याच गोलने आम्ही हरलो. तिच्यावर कुणीच ओरडलं नाही. तिच्या मैत्रिणी धावत आल्या, लुपेने तिला उचलून घेतलं, टोपीवाले आजोबा ‘अनलकी, गोली’ म्हणाले. गोलच्या मागे प्रमोद छत्री मिटून भिजत उभा होता.

सोमवारी तो आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी ठरवल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, आज हा तिला सांभाळून घेणार. त्याने पावसापासून सुरुवात केली. कोव्हायच्या पाकळ्या पाण्यावर तरंगत गोलपर्यंत आल्या होत्या ते सांगितलं, आरोहा कशी धावली ते सांगितलं, पेनल्टी ‘गोलरक्षकाने’ अडवल्याचं सांगितलं. मग तो थांबला. मिटलेले डोळे त्याने उघडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, ‘शेवटचा गोल गोलरक्षकाच्या चुकीमुळे झाला. चेंडू सोपा होता. तिचं नाव वल्लरी ओगले.’

माझा हात बटणावरच राहिला. जूनमध्ये लुपेने पेनल्टी घालवली तेव्हा त्याने लुपेचं नाव घेतलं होतं, म्हणून आज स्वतःच्या मुलीचं झाकायचं नाही, असा त्याचा हिशेब. कौतुक केलं तर तो पक्षपात, आणि चूक लपवली तर तोही पक्षपात. असा सरळ माणूस सरळ चालत जाऊन विहिरीत पडतो. आणि श्रोत्यांनी काय करावं? फोनवर फोन. याला म्हणतात रामशास्त्री बाणा, काशिनाथकाका म्हणाले. स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही हो, असं टौरंगाहून आलं. आता सगळ्यांनाच कळलं होतं की गोलरक्षक ओगल्यांची आहे, आणि सगळ्यांना वल्लरीपेक्षा तिच्या बापाचंच जास्त कौतुक वाटत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रमोद मात्र एखादं अवघड काम नीट पार पडल्यासारखा शांतपणे घरी गेला.

घरासमोर गाडी उभी होती आणि आत वल्लरी बसलेली होती. पुढचं मला मृदुलाने सांगितलं, ती दारातच होती. काच खाली करून वल्लरी बापाला म्हणाली, ‘सो यू डू नो माय नेम, बाबा.’ तेवढंच. आवाजही चढवला नाही. मग ती उतरली, घरात गेली आणि आईला म्हणाली की आपण फुटबॉल सोडलं. शनिवारची तिसऱ्या जागेची मॅच नाही, पुढचं वर्ष नाही, काहीच नाही. ग्लोव्ह्ज तिने कचऱ्याच्या पिशवीत घातले, आणि मृदुलाने ते गुपचूप काढून धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी प्रमोदला चहाला बोलावलं आणि धारेवर धरलं. सभ्य भाषेत जेवढं म्हणता येतं ते सगळं म्हटलं. पोरगी गाडीत बसून तुला ऐकत होती हे सांगितलं, कारण ते आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, ‘सुचित्राताई, मी तिच्याशिवाय मैदानावर दुसरं काही बघतच नव्हतो.’

मला आधी समजलं नाही. तो सांगत गेला तसं समजलं. बाकीचे पालक मैदानाच्या बाजूला उभे राहायचे, मधोमध, सगळा खेळ दिसावा म्हणून. हा पहिल्या दिवसापासून वल्लरीच्या गोलच्या मागे, जाळीला लागून. मध्यंतरानंतर गोल बदलला की हाही चालत दुसऱ्या टोकाला. पलीकडचा गोल धुक्यात नाहीसा झाला तो म्हणूनच. डबकी, सीगल, पाकळ्या, बंदरावरचं विमान, सगळं जाळीतून तिच्या खांद्यांवरून दिसलेलं. लुपेचे गोल तर त्याने धड पाहिलेही नव्हते. त्या टोकाला काहीतरी व्हायचं, मुली नाचायच्या, आणि मग तो परतीच्या गाडीत वल्लरीला विचारून घ्यायचा की कसा मारला. सबंध ऑकलंडने इतके महिने जे मैदान पाहिलं ते एका मुलीच्या पाठीमागून पाहिलेलं होतं, आणि ते तिलाही माहीत नव्हतं. माझा राग तिथेच विरला. मी त्याला म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग. तो म्हणाला, तिला कसं सांगतात तेच येत नाही.

शनिवारी वल्लरी गेली नाही. मनगट दुखतंय असं तिने कळवलं. प्रमोद एकटाच गेला. गोलमध्ये कॅप्टन आरोहा उभी राहिली, दुसरी कुणी नव्हतीच. हा सवयीने मागे जाऊन उभा राहिला. ऊन पडलं होतं, आभाळ मोकळं होतं, पलीकडचा गोलसुद्धा लख्ख दिसत होता. आपला संघ हरला, एवढंच त्याने घरी येऊन सांगितलं.

सोमवारी त्याने माइकसमोर बसून डोळे मिटले नाहीत. म्हणाला, ‘या शनिवारी मी मैदानावर होतो, पण मला सांगण्यासारखं काही दिसलं नाही. आमची गोलरक्षक आली नव्हती.’ मग तिच्याबद्दल बोलला. गोल अडवण्याआधी ती अंगठ्यांनी ग्लोव्ह्जच्या कडा दाबते. मैत्रिणी पुढे गेल्या की एकटी गोलमध्ये उभी राहून काहीतरी गुणगुणते, काय ते त्याला जाळीमागूनही कधी नीट ऐकू आलं नाही. पेनल्टीच्या वेळी तिने मागे वळून पाहिलं होतं, बाप तिथे आहे की नाही ते, आणि त्याने मान हलवण्याऐवजी खाली बघितलं होतं. त्या दिवशी तिच्या चुकीने एक गोल झाला हे खरं, पण ती नसती तर दहा झाले असते हेही खरं, आणि दुसरं खरं आपण सांगितलं नाही. वल्लरी, वल्लरी, असं किती वेळा म्हणाला. गाणं बाकी होतं, मी ते लावलं नाही.

फोन आले, पण आम्ही उचलले नाहीत. डॉक्टर नितीशने नंतर सांगितलं की तो पार्किंगमध्ये बसून रडला, आणि त्याने त्याच रात्री नागपूरला वडिलांना फोन केला. प्रमोद गाडी चालवायच्या अवस्थेत नव्हता, म्हणून त्याला मी माझ्या गाडीतून घरी सोडायला निघाले. सबंध वाटेत तो एवढंच म्हणत होता की ऐकलं असेल ना तिने.

घरासमोरची गाडी रिकामी होती. बॉनेटवर दव साठलं होतं. दार मृदुलाने उघडलं, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघूनच तिला प्रश्न समजला असावा. ती हळूच म्हणाली, ‘ती आता नाही ऐकत. गेल्या सोमवारपासून तिने रेडिओ लावलाच नाही.’

आख्ख्या शहराला जे सांगितलं ते जिच्यासाठी होतं तिच्यापर्यंत गेलंच नव्हतं. स्वयंपाकघरात वल्लरी पाठमोरी उभी राहून दुधात माइलोची चॉकलेटी पूड ढवळत होती. तिथे माइक नव्हता, डोळे मिटून घ्यायची सोय नव्हती, आणि चार फुटांवर ती स्वतः होती. प्रमोद दारातच थांबला, एका पायात बूट, एक काढलेला. त्याला इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

‘वल्लू,’ तो म्हणाला, ‘शनिवारी तू फार छान खेळलीस.’

ती वळली नाही. चमचा थांबला. ‘विच सॅटरडे?’

‘सगळ्याच.’

मग तिने कप ओट्यावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसली. समोरची खुर्ची पायाने थोडी पुढे सरकवली. तो एक बूट घालूनच त्या खुर्चीवर बसला आणि मोसमातल्या पहिल्या शनिवारपासून सांगायला लागला. मला निघायला हवं होतं, पण मृदुलाने माझा हात धरून ठेवला होता. धुकं आलं, विमान आलं, पण आता प्रत्येक गोष्टीत वल्लरी होती. ती ऐकत होती, खाली बघत, नखाने टेबल खरवडत. मे महिन्यातल्या कुठल्याशा मॅचमध्ये तिने वर उडी मारून बोटांच्या टोकांनी एक चेंडू कसा बाहेर काढला ते तो उभा राहून दाखवत होता, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

‘दॅट वॉझन्ट मी, बाबा,’ ती म्हणाली. ‘दॅट हिट द पोस्ट.’

‘लागू दे पोस्टला,’ प्रमोद म्हणाला. ‘मी तो तुझ्याच नावावर धरलाय.’